एक लिटर इथेनॉल आणि आपल्या विहिरीचे पाणी



लागणीच्या तोंडावर गटागटांतून शिवार बैठका होतात. अशाच एका बैठकीत एक जुने सभासद उठले आणि त्यांनी सरळ प्रश्न टाकला, "साहेब, आता आपला ऊस पेट्रोलमध्ये चाललाय म्हणता. मग मी अजून दोन एकर लावू का?" मागून दुसरे एक जण म्हणाले, "नाना, लावा की, पण पाजणार कशानं?" सगळे हसले. पण आम्हाला वाटले, खरा विषय या दोन वाक्यांतच आहे. बैठकीत त्याचे उत्तर पुरे देता आले नाही, ते या पाठात देत आहोत. आकडेमोड थोडी आहे, पण ती पेन्सिल घेऊन करण्यासारखी आहे. घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलींना सोबत बसवावे.

१. इथेनॉल काही कालचे नाही

इंधनात मद्यार्क मिसळण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. त्यासाठी १९४८ साली केंद्राने स्वतंत्र कायदाच केला होता. पुढे १९७३ साली जगात तेलाचे भाव भडकले आणि १९७५ साली ब्राझील देशाने उसाच्या मद्यार्कावर गाड्या चालवण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. आपल्याकडे जानेवारी २००३ पासून काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळणे सुरू झाले. २०१८ साली जैवइंधनाचे राष्ट्रीय धोरण आले, जून २०२२ मध्ये मिश्रण १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये ते २० टक्क्यांपर्यंत पोहोचले.

याचा आपल्याला फायदा झाला, हे आधी कबूल केले पाहिजे. साखर गोदामात पडून राहते, तिच्यावर व्याज चढते आणि सभासदांचे बिल लांबते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून त्या मानाने लवकर हाती येतात. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात लिटरला सी मळीच्या इथेनॉलसाठी ५७ रुपये ९७ पैसे, बी मळीसाठी ६० रुपये ७३ पैसे आणि रसाच्या इथेनॉलसाठी ६५ रुपये ६१ पैसे असा दर होता. म्हणून या लेखाचा हेतू इथेनॉलला नावे ठेवण्याचा नाही. जो धंदा आपल्याला पुढची पन्नास वर्षे करायचा आहे, त्याचा जमा-खर्च दोन्ही बाजूंनी मांडावा, एवढाच हेतू आहे.

ब्राझीलचे उदाहरण भाषणांतून नेहमी दिले जाते, पण एक गोष्ट सांगायची राहून जाते. तिथला ऊस बहुतांशी पावसावर येतो. आपला ऊस येतो पाटाच्या आणि विहिरीच्या पाण्यावर. म्हणून तिथला हिशेब जसाच्या तसा नाशिक जिल्ह्यात लागू पडत नाही. इथला हिशेब आपल्यालाच करावा लागेल.

२. एका टनातून काय निघते?

इथेनॉल तीन वाटांनी होते. त्यांतला फरक प्रत्येक सभासदाला माहीत असावा.

पहिली वाट सी मळीची. उसातली निघेल तेवढी साखर काढून घेतल्यावर जी शेवटची मळी उरते, तिच्यापासून इथेनॉल करायचे. एक टन उसातून साधारण १०० ते ११० किलो साखर निघते, ४० ते ४५ किलो मळी उरते आणि तिच्यातून १० लिटरच्या आसपास इथेनॉल मिळते.

दुसरी वाट बी मळीची. इथे साखर काढण्याचे काम एक पायरी आधी थांबवतात. टनामागे साधारण १५ किलो साखर कमी होते आणि इथेनॉल २० लिटरच्या आसपास जाते.

तिसरी वाट थेट रसाची. साखर करायचीच नाही, सगळा रस आसवनीला. टनाला साधारण ७० लिटर इथेनॉल.

पहिल्या वाटेत इथेनॉल हे उरलेल्या मालापासून होते. उसाला पाणी पाजले ते साखरेसाठी, मळी ओघाने आली. तिसऱ्या वाटेत मात्र पाण्याचा सगळा बोजा इथेनॉलवरच पडतो. वाट कोणती, यावर पर्यावरणाचा निम्मा निकाल लागतो.

३. पाण्याचा हिशेब

निती आयोगाने जून २०२१ मध्ये इथेनॉल मिश्रणाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात म्हटले आहे, की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. हे कारखान्यातले पाणी नव्हे. हे आपण शेतात उसाला देतो ते पाणी, आणि त्यात पावसाचेही आले.

आकडा मोठा वाटतो, तेव्हा आपणच तपासू. टनाला ७० लिटर इथेनॉल धरले, तर ७० गुणिले २,८६० म्हणजे टनामागे सुमारे दोन लाख लिटर पाणी झाले. एकरी ४० टन ऊस धरला, तर एकराला ८० लाख लिटर. एका एकरात ८० लाख लिटर म्हणजे जवळजवळ दोन मीटर उंचीचे पाणी, पुरुषभर उंचीहून जास्त. मोकाट पाणी देणाऱ्या आपल्या शेतात वर्षभरात एवढे पाणी सहज जाते. आयोगाचा आकडा फुगवलेला नाही.

याला दुसरी बाजू आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. म्हणजे एक लिटर पेट्रोलची जागा घ्यायला दीड लिटर इथेनॉल लागते, आणि रसाच्या वाटेने गेलो तर त्यासाठी ४,३०० लिटरच्या आसपास पाणी. परदेशी तेल वाचते हे खरे, पण त्याच्या बदल्यात आपण आपले पाणी देतो. जिथे पाणी मुबलक आहे तिथे हा सौदा बरा. आपल्याकडे तो जपून करावा लागेल.

आता ठिबकाचा हिशेब पाहा. ठिबकावर ४० टक्के पाणी वाचले, तर एकरी ८० लाखांचे ४८ लाख लिटर झाले. खत मुळाशी मिळाल्याने उत्पादन ४० टनांवरून ४८ टनांवर गेले, असे धरा. मग टनामागे एक लाख लिटर पाणी आणि लिटर इथेनॉलमागे १,४३० लिटर. बोजा बरोबर निम्मा झाला. राज्य मंत्रिमंडळाने जुलै २०१७ मध्ये उसाला ठिबक बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला तो याचसाठी. तरी शिवारातून फिरताना पाटाने पाणी सोडलेले प्लॉट आजही दिसतात, हे आपण सगळे जाणतो.

पण सभासदांनो, इथे एक मोठी मेख आहे. ठिबकाने पाणी वाचले आणि त्या वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला, तर विहिरीत काय उरले? काहीच नाही. पाणी तेवढेच गेले. उलट दुष्काळाच्या वर्षी जळणारा ऊस दोन एकरांनी वाढला. ठिबकाचा खरा नफा वाचलेले पाणी विहिरीत राहण्यात आहे.

४. हे पाणी एकट्या आपले नाही

आपला जिल्हा गोदावरीच्या उगमाशी आहे. दारणा, गंगापूर, कडवा, पालखेड, करंजवण ही धरणे आपल्या उशाशी आहेत, पण खाली पैठणला जायकवाडी आहे आणि तिच्यावर मराठवाडा आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, हे सूत्र ठरलेले आहे. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ साली समन्यायी पाणीवाटपाचा आदेश दिला आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली तो उचलून धरला.

२०२३ साली पाऊस हटला. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी ८.६०३ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यात गंगापूर समूहाचा वाटा अर्धा टीएमसी आणि दारणा समूहाचा २.६४३ टीएमसी होता. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. एकरी ८० लाख लिटरने भागले, तर एक टीएमसीत साधारण ३,५०० एकर मोकाट पाण्याचा ऊस निघतो. पावसाचा वाटा वजा केला तर एकर वाढतील, पाटाची गळती धरली तर कमी होतील. तरी आपल्या दोन समूहांतून गेलेले ३.१४३ टीएमसी म्हणजे सुमारे ११ हजार एकर उसाचे पाणी, एवढा अंदाज येतो.

त्या वेळी चौकाचौकांत कडवट बोलणे झाले. आपला राग समजण्यासारखा होता. पण खाली ज्यांच्या गावात टँकर येतो, त्यांनी आपल्याला विचारले, "तुमच्या उसाची गाडी चालावी म्हणून आमच्या हंड्यात पाणी नको का?" तर आपल्याकडे काय उत्तर आहे? "आम्ही थेंब न् थेंब मोजून वापरतो", एवढेच उत्तर शोभेल. ते खरे करून दाखवावे लागेल.

पाणी हटले की आसवनीही हटते, हेही त्याच वर्षी दिसले. ऊस कमी येणार म्हणून केंद्राने ७ डिसेंबर २०२३ रोजी रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. आठवडाभराने ती सैल करून देशभरासाठी १७ लाख टन साखरेएवढी मर्यादा घातली. निर्बंध उठले ते पुढच्या वर्षासाठी, ऑगस्ट २०२४ मध्ये. कर्ज काढून उभ्या केलेल्या यंत्रसामग्रीला त्या हंगामात माल अपुरा पडला. त्याआधी २०१८ च्या दुष्काळाने राज्याचे साखर उत्पादन २०१८-१९ मधील सुमारे १०७ लाख टनांवरून २०१९-२० मध्ये सुमारे ६२ लाख टनांवर आले होते. आपला धंदा आभाळाशी किती बांधलेला आहे, हे यावरून समजावे.

५. मागे उरते ते स्पेंटवॉश

आता आसवनीकडे वळू. एक लिटर इथेनॉल तयार होताना मागे ८ ते १५ लिटर काळपट, आंबूस वासाचे पाणी उरते. त्याला स्पेंटवॉश म्हणतात. लोक त्याला मळीमिश्रित पाणी म्हणतात.

रोज ३० हजार लिटरची आसवनी धरा आणि लिटरला १० लिटर स्पेंटवॉश धरा. रोजचे तीन लाख लिटर झाले. यातली सेंद्रिय घाण एवढी असते, की एक लिटर कच्चा स्पेंटवॉश हा एका माणसाच्या दिवसभराच्या सांडपाण्याइतका भारी पडतो. म्हणजे तीन लाख वस्तीच्या शहराची घाण एका आसवनीतून रोज बाहेर येते! ते नदीत गेले तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. मातीत मुरले तर विहिरीला रंग आणि वास येतो. गेल्या तीस-चाळीस वर्षांत राज्यात ठिकठिकाणी अशा तक्रारी झाल्या. तक्रार करणारेही बहुधा ऊसवालेच होते, कारण कारखान्याशेजारी शेत त्यांचेच असते.

म्हणून २००३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुढाकाराने आसवन्यांनी थेंबही बाहेर न सोडण्याचा मार्ग ठरला. तो असा: स्पेंटवॉश आधी बंद टाकीत कुजवून गॅस काढायचा. मग आटवून दाट करायचा. पुढे एकतर प्रेसमडमध्ये मिसळून कंपोस्ट करायचे, नाहीतर खास बॉयलरमध्ये जाळायचा. कंपोस्टची पद्धत पावसाळ्यात चालत नाही, म्हणून त्या पद्धतीच्या आसवनीला वर्षात २७० दिवसांचीच मुभा असते. बॉयलरला मोठे भांडवल लागते, पण तो बारमाही चालतो.

जाळून जी राख उरते, तिच्यात आपले धन आहे. स्पेंटवॉशमध्ये लिटरला सुमारे १० ग्रॅम पालाश असते. तीन लाख लिटरला रोजचे तीन टन, २७० दिवसांत सुमारे ८०० टन. पोत्यांत सांगायचे, तर म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या सुमारे २७ हजार गोणी. आपला देश पोटॅशसाठी जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. २०२१ साली केंद्राने मळीपासून मिळणाऱ्या, किमान १४.५ टक्के पालाश असलेल्या खताला खत नियंत्रण आदेशात मान्यता दिली.

हे पालाश आले कुठून? आपल्याच शेतातल्या मातीतून उसात, उसातून मळीत आणि मळीतून राखेत. ते परत त्याच शेतात गेले, तर चक्र पुरे झाले. बाहेर विकले गेले आणि आपण बाजारातून आयातीची गोणी आणली, तर जमीन वर्षागणिक हलकी होत जाणार. कारखान्याला त्याचे चार पैसे मिळतील, पण ते आपल्याच मातीचे पैसे आहेत, हे विसरू नये.

६. धुराचा हिशेब

ऊस वाढताना हवेतला कार्बन घेतो आणि इथेनॉल जळताना तेवढा परत सोडतो, म्हणून हे इंधन स्वच्छ, असे सांगतात. ते अर्धे खरे आहे. कारखाना बगॅसवर चालतो, ही जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला तीन रकमा येतात.

एक, जादा युरिया. पिकाला न लागलेल्या नत्रातून नायट्रस ऑक्साइड वायू सुटतो आणि तो वजनाला वजन धरले, तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरतो. दोन, विहिरीवरची मोटार. तिची वीज अजून बरीचशी कोळशाचीच आहे. पाणी जितके जास्त, तितका धूर जास्त. तीन, पाचट पेटवणे. हेक्टरी आठ-दहा टन पाचट आपण तासाभरात राख करतो. तेच सरीत आच्छादन म्हणून ठेवले, तर खोडव्याच्या दोन पाण्यांतले अंतर वाढते आणि जमिनीत सेंद्रिय कर्ब राहतो. या तिन्ही गोष्टी कारखान्याच्या फाटकाच्या आत घडत नाहीत, आपल्या बांधाच्या आत घडतात. इथेनॉल स्वच्छ की मळके, हे बरेचसे तिथेच ठरते.

७. आपल्याच जिल्ह्यातली शिकवण

याला उपाय शोधायला लांब जायला नको. बागलाण, कळवण, मालेगावकडे मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर कित्येक पिढ्या फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एक पीक घ्यायचे आणि दर साली ते फिरवायचे. उसाला कोणता फड, हे गाव मिळून ठरवायचे. पाटकरी पाणी वाटायचा, जागल्या राखण करायचा. नदीला पाणी कमी असेल, तर उसाचा फड आखडता घ्यायचा. त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांनी उसावर बंदी घातली नाही, की त्याला मोकाटही सोडले नाही. पाणी आधी पाहिले आणि ऊस मग लावला.

दुसरे उदाहरण अलीकडचे. ओझरला १९९० च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने, बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या खटपटीने, वाघाड कालव्यावर पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. संस्थेला पाणी मोजून मिळते आणि ती सभासदांना मोजून देते. पुढे सगळा वाघाड प्रकल्पच शेतकऱ्यांच्या संस्थांनी चालवायला घेतला. शेपटाकडच्या शेतालाही पाणी पोहोचू लागले. सहकार म्हणजे फक्त ऊस एकत्र गाळणे नव्हे, पाणीही एकत्र मोजणे, हे या मंडळींनी करून दाखवले.

८. तर मग नानांना उत्तर काय?

उत्तर असे: नाना, दोन एकर नका वाढवू. आहे त्याच एकरांत टनेज वाढवा आणि पाणी निम्म्यावर आणा. इथेनॉलचा पैसा त्यातूनही येतो, आणि तो टिकतो.

कारखान्यापुरते आमचे मत असे, की सी मळीचे इथेनॉल केव्हाही करावे. बी मळीचे साखर जास्त झाली की करावे. रसाचे मात्र धरणे भरलेली असताना, ऊस खरोखर जादा असतानाच. उरलेल्या दिवसांसाठी मक्याचा विचार करता येतो. मार्च २०२५ मध्ये केंद्राने सहकारी कारखान्यांना धान्यावरही चालणारी आसवनी करण्यासाठी व्याज सवलतीची योजना आणली. येवला, मालेगाव, बागलाणकडे खरिपाचा मका बराचसा पावसावर येतो. पण तोच मका कोंबड्यांच्या खाद्यालाही लागतो, हे ध्यानात ठेवून पावले टाकावीत.

आता घरचा अभ्यास. येत्या आठवड्यात प्रत्येकाने एवढे करावे:

पहिले, २०० लिटरचे पिंप मोटारीच्या पाइपाखाली ठेवा आणि घड्याळ धरा. ते २५ सेकंदांत भरले, तर सेकंदाला ८ लिटर, तासाला २८,८०० लिटर पाणी झाले. एकरी ८० लाख लिटर म्हणजे ही मोटार एका एकरासाठी २७८ तास चालली. आपली किती तास चालते, हे वर्षभर वहीत लिहा.

दुसरे, दर महिन्याच्या एकाच तारखेला विहिरीची पाणीपातळी दोरीने मोजा आणि ती त्याच वहीत टिपा.

तिसरे, माती परीक्षणाशिवाय युरियाची गोणी फोडू नका आणि पाचटाला काडी लावू नका.

चौथे, वार्षिक सभेत हे तीन प्रश्न विचारा: यंदा कोणत्या वाटेने किती इथेनॉल करणार? स्पेंटवॉशची व्यवस्था काय आणि आसपासच्या विहिरींचे पाणी कधी तपासले? राखेतले पालाश सभासदांच्या शेतात परत येणार का? हे प्रश्न विचारले म्हणून कुणी विरोधक ठरत नाही. मालकाने आपल्या धंद्याची चौकशी करायलाच हवी, आणि इथे मालक आपण आहोत.

पुढच्या शिवार बैठकीला वही घेऊन या. तुमच्या मोटारीचे तास आम्ही सगळ्यांसमोर फळ्यावर मांडू. नानांची वही सर्वांत आधी!